महंत घडविणारे समर्थ

माघ वद्य नवमी ही दासनवमी. शके १६०३ मध्ये याच तिथीस श्रीसमर्थ रामदासस्वामींनी सज्जनगडावर देह ठेवला. त्यांच्या कार्याचे एक जिवंत स्मारक विश्रामबागेतील भाविकांस अगदी जवळ आहे. ते म्हणजे मिरजेतील वेणास्वामींचा मठ.

इ.स. १६०८ मध्ये जांब येथे रामनवमीस जन्मलेल्या नारायणाने टाकळीस बारा वर्षे तप केले आणि पुढील बारा वर्षे तीर्थाटन केले. निघताना टाकळीच्या मारुतीची उपासना समर्थांनी कोवळ्या वयाच्या उद्धवावर सोपविली, असे संप्रदाय सांगतो. काम सोपवावे आणि आपण दूर व्हावे, ही त्यांची रीत येथूनच दिसते.

कृष्णातीरी आल्यावर त्यांनी शहापूर, चाफळपासून बहे-बोरगाव, बत्तीस शिराळ्यापर्यंत अकरा मारुती स्थापिले व ठिकठिकाणी मठ उभारले. शिष्यास प्रथम जवळ ठेवून लेखन, पाठांतर व कीर्तन यांत ते तयार करीत. भिक्षेच्या निमित्ताने गावोगाव हिंडवून माणसे पारखावयास शिकवीत आणि मग स्वतंत्र मठ देत. महंताने पुढे नवे महंत घडवावेत, अशी त्यांची दासबोधातील अपेक्षा आहे.

वेणाबाई बालविधवा. त्या काळी अशा स्त्रीने चारचौघांत उभे राहणेही लोकांस खपत नसे. लोकापवादाची पर्वा न करता समर्थांनी तिला कीर्तनाचा अधिकार दिला आणि आदिलशाही अंमलातील मिरजेचा मठ तिच्या स्वाधीन केला. तिने मठ चालविला, सीतास्वयंवरासारखी रचना केली.

लेखनिक कल्याणस्वामी तर समर्थांचा उजवा हात. त्यांनाही समर्थांनी सीनाकाठी डोमगावास धाडले. अंतकाळी हा परमशिष्य गुरूंजवळ नव्हता. तो नेमून दिलेल्या कार्यात होता. एवढा वियोग गुरुशिष्य दोघांनीही पत्करला.

या शिकवणुकीची कसोटी समर्थांच्या पश्चात लागली. चाफळ व सज्जनगडाचा कारभार अक्कास्वामींनी सांभाळला. १७०० मध्ये मोगलांनी सज्जनगड घेतला. त्या संकटात अक्कांनी देवमूर्ती सुरक्षित स्थळी हलविल्या, असे परंपरा सांगते. विचारावयास गुरू नव्हते. निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला.

घरातील देवपूजा असो वा गावाचा उत्सव, जाणत्यांनी लहानांच्या हाती कार्य विश्वासाने द्यावे, हाच दासनवमीचा प्रसाद होय.