शब्द विसरणारा मुलगा

(हर्मन हेल्महोल्ट्झ हे एकोणिसाव्या शतकातील थोर जर्मन शास्त्रज्ञ होते. स्नायूंचे रसायन, कानाची रचना, गणित आणि भाषेतील स्वर अशा निरनिराळ्या विषयांत त्यांनी संशोधन केले. एका प्रश्नाचा माग काढत ते या विषयांपर्यंत कसे पोहोचले, हे या पाठात सांगितले आहे.)

जर्मनीत बर्लिन शहराजवळ पॉट्सडॅम नावाचे गाव आहे. तेथे ३१ ऑगस्ट १८२१ रोजी हर्मनचा जन्म झाला. त्याचे वडील गावातील शाळेत शिक्षक होते. घरात पुस्तके भरपूर होती, पण पैसा बेताचाच होता.

हर्मन लहानपणी सारखा आजारी असे. त्याचे कितीतरी दिवस अंथरुणातच जात. तेव्हा तो लाकडी ठोकळे घेऊन खेळत बसे. ठोकळ्याला ठोकळा जोडून तो नवनवे आकार करी. पुढे शाळेत भूमिती शिकवू लागले, तेव्हा त्यातील बऱ्याच गोष्टी त्याला आधीच ठाऊक होत्या. शिक्षकांना याचे मोठे नवल वाटले.

मात्र पाठांतराचे नाव काढले, की हर्मन रडकुंडीला येई. शब्दांच्या याद्या, व्याकरणाचे अपवाद, गद्य उतारे यांतले काहीच त्याच्या लक्षात राहत नसे. डावे कोणते आणि उजवे कोणते, यातही त्याचा गोंधळ होई. कविता तेवढी त्यातल्या त्यात लवकर पाठ होई, कारण तिला ताल असतो. त्या काळच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक या भाषांना फार महत्त्व होते. वर्गात लॅटिन ग्रंथाचे वाचन चालू असे आणि हर्मन बाकाखाली कागद धरून दुर्बिणीतून प्रकाशाचे किरण कसे जातात, याचे गणित करत असे.

त्याला पदार्थविज्ञान शिकायचे होते. पण त्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. बर्लिनमध्ये सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तिथे शिक्षण मोफत मिळे. त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याला आठ वर्षे सैन्यात नोकरी करावी लागे. वडिलांनी मुलाला हा मार्ग सुचवला. १८३८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हर्मन वैद्यकीय शिक्षणासाठी बर्लिनला गेला. मनात एक विषय आणि हातात दुसराच, अशी त्याची स्थिती होती. तरीही कुरकुर न करता त्याने हातातल्या विषयातच मनातला विषय शोधायला सुरुवात केली.

१८४१ साली त्याला विषमज्वर झाला. विद्यार्थी असल्यामुळे रुग्णालयात त्याच्यावर मोफत उपचार झाले. त्या काळात त्याच्या तुटपुंज्या भत्त्यातील पैसे शिल्लक राहिले. बरा होताच त्याने त्या पैशांतून एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले. यंत्र साधेच होते. पण त्याच यंत्राच्या साहाय्याने त्याने लहान प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास केला आणि १८४२ साली पदवीसाठी प्रबंध लिहिला.

त्या वेळी विद्वानांमध्ये एक मोठा वाद चालू होता. सजीवांच्या शरीरात एक वेगळीच जीवनशक्ती असते, ती निर्जीव वस्तूंचे नियम पाळत नाही, असे अनेकांचे मत होते. तरुण हेल्महोल्ट्झ यांना हे पटेना. शरीराला ऊब आणि बळ कोठून मिळते? ते अन्नातूनच मिळत असेल, तर त्याचा हिशेब लागला पाहिजे, असे त्यांना वाटे. १८४३ पासून ते पॉट्सडॅमला सैन्यात डॉक्टर होते. तेथील बराकीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. बेडकाच्या स्नायूला विजेचे झटके देऊन ते त्याला थकेपर्यंत काम करायला लावत. मग थकलेल्या आणि न थकलेल्या स्नायूंतील पदार्थ ते तपासून पाहत. काम केल्यावर स्नायूतील काही पदार्थ कमी होतात आणि काही वाढतात, असे त्यांना आढळले. म्हणजे स्नायूचे बळ शून्यातून येत नाही, त्यासाठी रासायनिक बदल घडावा लागतो. आज या अभ्यासाला आपण जीवरसायनशास्त्र म्हणतो.

या विचारातूनच १८४७ साली त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेविषयी निबंध लिहिला. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तिचे फक्त रूप बदलते, हा तो नियम होय. मायर आणि ज्यूल हे शास्त्रज्ञही आपापल्या वाटेने याच निष्कर्षाजवळ आले होते. हेल्महोल्ट्झ यांनी तो गणिताच्या आधारे सर्व क्षेत्रांना लावून दाखवला. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. एका नामांकित नियतकालिकाने हा निबंध नाकारला. त्यांनी तो पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केला. आज हा नियम शाळेतील मुलेही शिकतात.

त्यांची योग्यता ओळखून सरकारने त्यांना मुदतीपूर्वीच सैन्यातून मोकळे केले. १८४९ साली ते कोनिग्सबर्ग येथे प्राध्यापक झाले. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे कधीच मोजता येणार नाही, असे त्यांचे गुरू योहान्नेस म्यूलर मानत. शिष्याने ते मोजून दाखवले. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २७ मीटर जातो, असे त्यांच्या प्रयोगातून निघाले. तेथेच त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील भाग पाहण्याचे उपकरण तयार केले. पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि काचेच्या पट्ट्या एवढेच सामान त्यांनी त्यासाठी वापरले होते. १८५१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि जगभर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते वरदान ठरले.

डोळ्यानंतर त्यांचे लक्ष कानाकडे वळले. एकाच वेळी सतार, तबला आणि गाणे चालू असले, तरी आपण तिन्ही आवाज वेगळे ओळखतो. कानात तर हवेची एकच सरमिसळ झालेली लाट शिरते. मग कान ती निवडतो कशी?

येथे गणित मदतीला आले. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने एक सिद्धांत मांडला होता. पुन्हा पुन्हा तशीच येणारी लाट कितीही गुंतागुंतीची असली, तरी ती अनेक साध्या लाटांच्या बेरजेतून बनवता येते. कान हीच बेरीज सोडवत असला पाहिजे, असा तर्क हेल्महोल्ट्झ यांनी केला. तो तपासण्यासाठी त्यांनी काचेचे आणि पितळेचे पोकळ गोळे बनवून घेतले. प्रत्येक गोळा एका ठरावीक सुरालाच घुमत असे. गोळ्याचे निमुळते तोंड कानाला लावले, की सरमिसळ आवाजातून तेवढा एक सूर स्पष्ट ऐकू येई.

सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वरची तार छेडली, की तिच्या सुराशी जुळणारी खालची तार आपोआप झंकारते. आपल्या कानातही असेच घडत असावे, असे हेल्महोल्ट्झ यांनी मांडले. कानाच्या आत शंखासारखा वळलेला एक छोटा भाग असतो. त्यात एक नाजूक पडदा पसरलेला असतो. या पडद्याचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या सुराला साद देतो आणि तसा संदेश मेंदूकडे जातो, असे त्यांचे मत होते.

आता भाषेचा प्रश्न पुढे आला. एकाच सुरात आपण आ, ई आणि ऊ म्हणून पाहू. सूर तोच, गळाही तोच, मग हे स्वर निराळे का ऐकू येतात? जीभ आणि ओठ हलले, की तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो. पोकळीत घुमणारे सूरही त्याबरोबर बदलतात. या मिश्रणामुळे आ हा आ वाटतो आणि ई हा ई वाटतो. नुसते सांगून हेल्महोल्ट्झ थांबले नाहीत. त्यांनी विजेवर कंप पावणारे अनेक नादकाटे एकत्र बसवले. त्यांचे आवाज कमीजास्त करून त्यांनी माणसाच्या तोंडाशिवाय स्वर काढून दाखवले! शाळेत ज्याला परक्या भाषांचे शब्द आठवत नसत, त्याच मुलाने पुढे सर्व भाषांना लागू पडणारे स्वरांचे रहस्य उलगडले.

ही वर्षे त्यांच्यासाठी सुखाची नव्हती. १८५९ साली त्यांचे वडील वारले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दीर्घ आजारानंतर पत्नी ओल्गा यांचाही मृत्यू झाला. घरी लहान मुले होती. एवढे दुःख उराशी बाळगूनही त्यांनी काम सोडले नाही. १८६३ साली सूर आणि श्रवण यांविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांच्या स्वरांच्या प्रयोगाची एक गंमत सांगितली जाते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल या तरुणाला तो प्रयोग नीट समजला नाही. हेल्महोल्ट्झ यांनी तारेतून स्वर दूर पाठवले, असा त्याचा समज झाला. मग आपणही बोलणे तारेतून पाठवू, असा ध्यास त्याने घेतला आणि १८७६ साली टेलिफोन जन्माला आला.

डोळा आणि कान यांचा अभ्यास करताना, आपल्याला जागेचे ज्ञान कसे होते, असा प्रश्न हेल्महोल्ट्झ यांना पडला. त्यातून ते पुन्हा भूमितीकडे वळले. भूमितीच्या मुळाशी कोणते अनुभव आहेत, याविषयी त्यांनी १८६८ साली लेख लिहिला. ठोकळ्यांशी खेळणारे मूल जणू आपल्या पहिल्या खेळाकडे परतले होते. १८७१ साली ते बर्लिन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तरुणपणी पैशाअभावी जो विषय सुटला होता, तो पन्नाशीत असा त्यांच्या हाती आला. रेडिओलहरी शोधणारे हाइनरिश हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले.

त्यांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. कानातील पडदा तारांप्रमाणे सुटासुटा झंकारत नाही, तर त्यावरून लाट धावते, असे पुढे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र प्रत्येक सुराची पडद्यावर आपापली जागा असते, हा हेल्महोल्ट्झ यांचा मूळ विचार खरा ठरला. आपल्या देशाचे सी. व्ही. रामन यांनी तरुणपणी हेल्महोल्ट्झ यांचा ग्रंथ वाचला होता. त्याचा आपल्यावर खोल परिणाम झाला, असे ते सांगत. रामन यांनी तबला आणि मृदंग यांच्या नादावर संशोधन केले.

सत्तराव्या वर्षी झालेल्या सत्कारात हेल्महोल्ट्झ यांनी स्वतःची तुलना डोंगर चढणाऱ्या वाटसरूशी केली होती. त्याला वाट ठाऊक नसते. तो चुकतो, मागे फिरतो आणि पुन्हा चढतो. शिखरावर पोहोचल्यावर मात्र त्याला दिसते, की एक सरळ रस्ताही होता. आपण आज पुस्तकातून तो सरळ रस्ता वाचतो. पण तो शोधणारा माणूस किती वेळा अडखळला असेल, हे आपण विसरू नये.

शब्दार्थ
बेताचा – जेमतेम, मर्यादित. तुटपुंजा – अपुरा, फार थोडा. थाटणे – मांडणे, उभारणे. सरमिसळ – एकमेकांत मिसळलेले. निमुळते – टोकाकडे अरुंद होत गेलेले. ध्यास घेणे – एकाच गोष्टीचा सतत विचार करणे.

स्वाध्याय
१. हर्मनला शाळेत कोणत्या गोष्टी अवघड जात आणि कोणत्या सोप्या जात?
२. त्याने सूक्ष्मदर्शक यंत्र कसे मिळवले?
३. कानाचे काम समजावण्यासाठी सतारीचे उदाहरण का दिले आहे?
४. आरशासमोर उभे राहून आ, ई, ऊ हे स्वर म्हणा. ओठांचा आकार कसा बदलतो, ते तीन-चार वाक्यांत लिहा.