फर्मरसाहेबांचा संगमरवर

आपल्या शाळेतून बोरघाट दिसायचा. हा सगळा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, असे भूगोलाच्या तासाला शिकलो. त्याच्याखाली काय असेल, हे विचारायचे मात्र मला कधी सुचले नाही. पुढे इंजिनिअरिंग केले, सॉफ्टवेअरमध्ये पोटापाण्याला लागले. काही वर्षांपूर्वी नागपूरला गेले असता रामटेकच्या पुढे, देवलापारच्या बाजूला साखरेसारखा दाणेदार पांढरा दगड पाहिला आणि त्या निमित्ताने एका माणसाची ओळख झाली. सर ल्युइस ली फर्मर. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा त्यांचेच नाव आठवले.

फर्मर यांचा जन्म १८८० चा, लंडनचा. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या भागात तेव्हा मँगनीजच्या खाणी जोरात होत्या. तंबू ठोकून, पायपीट करून त्यांनी हा मुलूख पालथा घातला. १९०९ साली भारतातील मँगनीजवर हजारावर पानांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ते तिशीतही नव्हते.

तिथले खडक म्हणजे मोठा गुंता. संगमरवर, अभ्रकाचे खडक, मँगनीज, सगळे दुमडून एकमेकांत गेलेले. आज त्यांना सौसर गावाच्या नावाने ओळखतात. गार्नेट आणि गारगोटीचा जो खडक मँगनीजसोबत सापडतो, त्याला फर्मर यांनी तिथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट नाव दिले. हा मुळात पाण्यात साचलेला मँगनीजचा गाळ. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने त्याचे रूप पालटले, असे त्यांनी मांडले.

शेजारच्या संगमरवराची गोष्ट तशीच. शुद्ध चुनखडी कितीही तापली तरी तिचे दाणे मोठे होतात, एवढेच. ती किती तापली, हे ती सांगत नाही. पण चुनखडीत मॅग्नेशियम, वाळू, चिकणमाती मिसळलेली असली, तर उष्णता वाढत जाते तसा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ट्रेमोलाइट, डायोप्साइड, फॉर्स्टराइट अशी नवी खनिजे तयार होतात. वाळू पुरेशी असली तर सगळा खडकच चुन्याच्या सिलिकेटांचा होतो. कोणते खनिज सापडले, यावरून खडकाने किती सोसले ते कळते. अमेरिकेत नॉर्मन बोवेन यांनी १९४० मध्ये या पायऱ्यांची क्रमवार मांडणी केली. म्हणजे ज्याला आपण भेसळ म्हणतो, तीच खडकाची स्मरणशक्ती!

रामटेकजवळच्या काचूरवाहीला मिळालेल्या एका खनिजाला फर्मर यांनी आपले प्राध्यापक जड यांचे नाव दिले, जुडाइट. सीतापारच्या खनिजाला सीतापाराइट. पुढच्या तपासणीत ही दोन्ही नावे स्वतंत्र खनिजे म्हणून टिकली नाहीत. सीतापारलाच मिळालेले फर्मराइट मात्र दुसऱ्यांनी त्यांच्या नावे केले.

आणि आपला काळा कातळ? तोही त्यांनी सोडला नाही. कोळशाच्या शोधात भुसावळला खोल बोअर घेतली होती. तिच्यातले नमुने तपासून त्यांनी सुमारे १२०० फुटांत लाव्हाचे २९ थर मोजले. तळ तरीही लागला नाही.

पुढे ते खात्याचे संचालक झाले. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९३५ मध्ये सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. या सगळ्याची किंमत घरच्यांनी मोजली. १९१५ मध्ये लंडनला जन्मलेला त्यांचा मुलगा पॅट्रिक पुढे नामवंत प्रवासलेखक झाला, पण वडिलांचा सहवास त्याला फारसा लाभला नाही. १९५४ मध्ये फर्मर इंग्लंडमध्ये वारले.

आपल्या वर्गात कारखान्यातल्या कामगारांची मुले होती, वाडीवरून चालत येणारी होती, परप्रांतातून आलेलीही होती. इतक्या वर्षांनी भेटताना प्रत्येकाचे रूप पालटलेले दिसेल. पण मुळात काय मिसळले होते ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ते मिसळणाऱ्या शिक्षकांपैकी काही जण आजही आपल्यात आहेत. जुडाइट हे नाव पुसले गेले. पण कोणा विद्यार्थ्याने रानात सापडलेल्या दगडाला आपल्या सरांचे नाव द्यावे, ही गोष्ट मला फार आवडली.