पंडिता रमाबाई व दुष्काळातील मुली

कणगी रिकामी झाली म्हणजे चिंता कशी ग्रासते, हे परभणीकडील शेतकऱ्यास सांगणे नको. पंडिता रमाबाईंसही ते ठाऊक होते. त्यांचा जन्म १८५८ साली झाला; ऐन तारुण्यात त्यांचे आईबाप व वडील बहीण दुष्काळात अन्नावाचून गेली.

बाप्तिस्म्यानंतर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढिले. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षेच मदत कबूल केली होती. पुढची तजवीज म्हणून बाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे शेत घेऊन फळझाडे लाविली. तजवीज करणे म्हणजे अविश्वास नव्हे, एवढे येथे सांगून ठेवितो.

मुदत सरत आली असता १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. त्या मुलींसाठी कोणी पैसा कबूल केला नव्हता. तरी बाईंच्याने घरी बसवेना. देवावर भार टाकून त्या गेल्या व सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगाच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांस ठेविता येईना, तेव्हा तेच शेत कामी आले. तेथे विहिरी खणल्या, घरे उठली, मुली विणकाम शिकल्या.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा केडगावात आधीच शेकडो तोंडे जेवत होती. बाईंनी तिकडील मुलीही आणविल्या.