वालचंद हिराचंद आणि ‘लॉयल्टी’चा प्रवास

भारतात १९६४ सालापासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबई बंदरातून लंडनला निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देत महासागरी मार्गावर उतरले, ही त्या काळी असामान्य घटना होती. या धाडसामागे होते सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती जैन कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय सावकारी आणि कापसाचा; मात्र त्यांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि बांधकाम व्यवसायात जम बसवला. समुद्राशी त्यांचा तोवर काहीही संबंध नव्हता.

पहिल्या महायुद्धात जहाजांची टंचाई निर्माण झाली आणि मालवाहतुकीचे दर भडकले. अशा वेळी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचे जहाज विक्रीस असल्याचे वालचंद यांना समजले. १८९० साली इंग्लंडमध्ये जलावतरण झालेले हे जहाज ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने प्रशांत महासागरात टपाल व प्रवासी वाहून नेत असे. युद्धकाळात महाराजांनी ते विकत घेऊन भारतीय सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय केले होते. तीन डोलकाठ्या आणि शिडाच्या जहाजासारखा पुढे झुकलेला अग्रभाग यांमुळे ते देखणे दिसे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र निवड फारशी शहाणपणाची नव्हती, कारण जहाज जुने होते आणि मालासाठी त्यात जागा बेताचीच होती.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे वालचंद यांच्या सोबतीला आले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली आणि अवघ्या नऊ दिवसांत जहाजाने नांगर उचलला. कंपनीचे नाव शिंदे घराण्यावरूनच ठेवण्यात आले होते.

जहाज मिळाले, पण ते चालवणाऱ्यांचा प्रश्न अधिक बिकट होता. खलाशी, सारंग आणि टंडेल यांची या देशात वाण नव्हती. कोकण, काठियावाड आणि सिल्हेटची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश जहाजांवर राबत होती. भोजनकक्षातील कामाला गोव्याचे लोक असत. परंतु कप्तान वा इंजिनियर होण्यासाठी लागणारे शिक्षण भारतीयांना देणारी एकही संस्था देशात नव्हती. त्यामुळे मालकी भारतीय असली, तरी जहाजाचे सुकाणू परक्या अधिकाऱ्यांवरच सोपवावे लागे. १९२३ साली नेमलेल्या समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना सामावून घेण्यात सिंदिया कंपनीचा मोठा वाटा होता.

दरम्यान, लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी रंगूनच्या तांदूळ वाहतुकीचे दर झपाट्याने खाली आणले. हेतू उघड होता. कंपनी विकत घेण्याचा त्यांचा प्रस्ताव फेटाळण्यात आला, तरी १९२३ साली दहा वर्षांचा करार करून सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहणे भाग पडले. ज्या कंपनीचा प्रारंभ लंडनच्या प्रवासाने झाला, तिच्यासाठी ही तडजोड कडवटच म्हणावी लागेल. ‘लॉयल्टी’ही त्याच वर्षी भंगारात निघाली.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाल्यानंतर कंपनीची सूत्रे वालचंद यांच्याकडे आली. विमान व मोटार निर्मितीतही त्यांनी पाऊल टाकले. परंतु जहाजे देशातच बांधली जावीत हा आग्रह त्यांनी सोडला नाही. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथील गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’चे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंद यांचे निधन झाले.