अलेस्सांद्रो व्होल्टा आणि चिखलांतील वायु

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस व्होल्टा हें नांव विजेच्या ‘व्होल्ट’ या मापावरून ठाऊक असेल. पण ज्या शोधाची हकीगत येथें मुख्यतः सांगावयाची आहे, तो विजेचा नव्हे. तो तळ्याच्या चिखलांतून निघणाऱ्या बुडबुड्यांचा आहे.

अलेस्सांद्रो व्होल्टा याचा जन्म उत्तर इटलींतील कोमो या गांवीं १८ फेब्रुवारी १७४५ रोजीं एका कुलीन घराण्यांत झाला. चार वर्षांचा होईपर्यंत हा मुलगा नीट बोलत नसे, व तो मंदबुद्धि निघणार अशी घरच्यांस धास्ती पडली होती. ज्या आईबापांचें मूल उशिरां बोलूं लागतें त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. व्होल्टा लहान असतांच वडील वारले. चुलत्यांनीं त्यास वाढविलें. त्यानें वकील व्हावें असें घरच्यांच्या मनांत होतें, परंतु त्याचें मन विजेच्या ठिणग्यांत गुंतलें होतें. विद्यापीठाची पदवी नसतांहि १७७४ सालीं तो कोमो येथील शाळेवर अधिकारी झाला.

१७७६ मध्यें कांपी नांवाच्या एका धर्मगुरु मित्राकडून त्यास कळलें कीं, लांब्रो नदीच्या बाजूस एका झऱ्यांतून पेट घेणारी हवा निघते. हें ऐकल्यापासून व्होल्टास चैन पडेना. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत माज्जोरे सरोवराच्या कांठीं, अंजेरा गांवाजवळ, लव्हाळ्यांनीं भरलेल्या उथळ पाण्यांत त्यास हवें तें सांपडलें. काठीनें गाळ ढवळला कीं बुडबुडे भराभर वर येत. पाण्यानें भरलेल्या उपड्या बाटलींत ते धरले कीं पाणी खालीं उतरे व बाटली वायूनें भरे. तोंडाशीं ज्योत नेतांच तो वायु निळसर, संथ ज्वाळेनें जळे. आपल्या गांवच्या तळ्यांत हें करून पाहण्याचा मोह ज्या मुलांस होईल, त्यांनीं शिक्षकांस बरोबर घेतल्याशिवाय तें करूं नये.

दहा वर्षांपूर्वीं इंग्लंडांत कॅव्हेंडिश यानें धातूवर अम्ल ओतून मिळणाऱ्या जळाऊ वायूचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. चिखलांतील वायु तोच, असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. व्होल्टानें तसें केलें नाहीं. त्यानें दोन्ही वायु हवेशीं निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून विजेच्या ठिणगीनें पेटविले, व चिखलांतील वायूस पुरतें जळावयास पुष्कळच अधिक हवा लागते असें दाखविलें. हा वायु निराळा आहे हें ठरलें. त्यासच आज आपण मिथेन म्हणतों. या विषयावरील त्याचीं कांपीला लिहिलेलीं पत्रें १७७७ सालीं छापून निघालीं. याच ठिणगीच्या नादांत, कोमोहून मिलानपर्यंत तार नेऊन इकडील ठिणगीनें तिकडे वायूचें पिस्तूल उडवावें अशीहि कल्पना त्यानें मांडली. तारायंत्र निघावयास तेव्हां बराच अवकाश होता!

पण त्यास खरी ओढ होती ती दुसऱ्याच प्रश्नाची. हा वायु येतो कोठून? जेथें पानें, मुळें व मेलेले जीव पाण्याखालीं कुजतात तेथें तो सांपडतो हें पाहून, तो कुजण्यांतूनच उत्पन्न होतो असें त्यानें मानलें, आणि दलदलीपुरतें तें बरोबर होतें. पुढें १७८० सालीं आपेनिन पर्वतांतील पिएत्रामाला येथें जमिनींतून आपोआप निघणाऱ्या ज्वाळा पाहावयास तो गेला. तेथील वायुहि तोच निघाला. मग दोहोंचा उगमहि एकच काय? येथें मात्र व्होल्टाचें साधन थिटें पडलें. ज्वाळा दोन्हींची सारखी. जळणारा वायु आपलें कूळ सांगत नाहीं.

पुढील आयुष्य कीर्तीचें होतें. पाव्हिया विद्यापीठांत तो अध्यापक झाला, १८०० सालीं विजेची अखंड धारा देणारी चकत्यांची रास त्यानें जगापुढें ठेविली, नेपोलियननें ती पाहून त्याचा गौरव केला व पुढें त्यास सरदारकी दिली. १८१४ सालीं त्याचा एक मुलगा वारला. १८१९ मध्यें तो कोमोजवळील आपल्या घरीं राहावयास गेला व ५ मार्च १८२७ रोजीं मृत्यु पावला.

चिखलांतील वायूचें कूळ ओळखण्याचें साधन विसाव्या शतकांत सांपडलें. एकाच मूलद्रव्याचे अणु कमीअधिक वजनाचे असूं शकतात. त्यांस समस्थानिक म्हणतात. कार्बनचे शंभरांतील सुमारें नव्याण्णव अणु १२ वजनाचे, तर एखादाच १३ वजनाचा असतो. दोन्हीहि टिकाऊ आहेत. ते आपोआप मोडत नाहींत. चुंबकाच्या बळानें अणूंची वाट वांकविणाऱ्या यंत्रांत हलका अणु अधिक वांकतो, जड कमी, आणि त्यावरून दोहोंचें प्रमाण मोजतां येतें. गाळांतील सूक्ष्म जंतु मिथेन बनवितांना हलका कार्बन अधिक उचलतात. खोल खडकांतील उष्णतेनें बनलेल्या मिथेनमध्यें जड कार्बन त्यामानानें अधिक राहतो. म्हणजे ज्वाळेनें न सांगितलेलें कूळ वजनानें सांगितलें.

हीच युक्ति समुद्रांत फार उपयोगी पडते. काळ्या समुद्रांत सुमारें दीडशें मीटरांखालीं प्राणवायु मुळींच नाहीं, व तेथें मिथेन विपुल विरघळलेला आहे. हा वायु हवेंत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता अडवून धरतो; म्हणून तो वर पोंचतो कीं नाहीं हा प्रश्न सर्वांच्याच काळजीचा आहे. वर जातां जातां त्याचें प्रमाण घटतें एवढें पाहून भागत नाहीं. तो नुसता पातळ होतो, कीं कोणी त्यास खातें? मिथेन खाणारे जंतुहि हलका कार्बन आधीं खातात. म्हणून उरलेल्या वायूंत जडाचें प्रमाण वाढत गेलें, तर खाणारे कामावर आहेत असें समजावें. काळ्या समुद्रांत ते आहेत. प्राणवायूवांचून, पाण्यांतील सल्फेटच्या आधारें, ते बहुतेक मिथेन पृष्ठभागाशीं पोंचण्यापूर्वींच संपवितात.

आपल्या अरबी समुद्रांतहि सुमारें दीडशें मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत प्राणवायूचा मोठा दुष्काळ आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याच्या तळाशींहि तो संपत येतो. गोव्यांत दोना पावला येथील, १९६६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें या पाण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. असें पाणी वर काढतांना त्यास बाहेरची हवा लागूं न देण्याची फार काळजी घ्यावी लागते. अंजेरा येथें बाटली पाण्याखालींच उपडी धरतांना व्होल्टानेंहि तीच काळजी घेतली होती.