ताराबाई मोडक: लहान मुलांच्या वाढीकडे बघायला शिकवणाऱ्या बाई

तुमच्या घरात एक ते तीन वर्षांचं मूल असेल, तर "अंगणवाडी" हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. लस, वजन किंवा खाऊ यांच्या निमित्ताने तुम्ही कदाचित तिथे गेलाही असाल. या शब्दामागे आणि त्यामागच्या विचारामागे एक मराठी बाई उभी आहे, ती म्हणजे ताराबाई मोडक. सिल्व्हर पार्कच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यांच्या आयुष्यात सापडतात.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. आईवडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे असल्यामुळे मुलींनी शिकायचंच, असं घरातलं वातावरण होतं. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी होती. त्या काळात नवऱ्यापासून वेगळं होऊन मूल वाढवणं किती अवघड असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. पुढे राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम केलं.

भावनगरची नोकरी

१९२३ च्या सुमारास त्यांनी ते मानाचं पद सोडलं आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम सुरू केलं. मोठ्या मुलींना शिकवणाऱ्या प्राचार्य आता अडीच-तीन वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसू लागल्या. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा या दोघांनी बारकाईने अभ्यास केला. मुलाला धाक किंवा मार देऊ नये, त्याच्या हाताला काम द्यावं आणि ते काय करतंय हे आधी बघावं, हा त्या कामाचा गाभा होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

बोर्डी आणि कोसबाड

इथपर्यंतचं काम मुख्यतः शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांसाठी होतं. महागडी साधनं गावातल्या गरीब घरांना परवडणार नाहीत, हे ताराबाईंना दिसत होतं. म्हणून १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. मीरा रोडहून गाडीने डहाणूच्या दिशेने गेलं की त्यापुढे हे गाव लागतं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या सोबतीला आल्या.

बालवाडी तर सुरू झाली, पण वस्तीवरची मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे आणि माती वापरायची.

१९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी घरांत आईवडील मजुरीला जात आणि थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबे. त्यामुळे तिची शाळा बुडायची. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंडाला पाळणाघरात ठेवून बहीण शेजारीच शिकू लागली. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात भरू लागली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

तुमच्या घरात यातलं काय वापरता येईल?

*खेळणी:* महागडी खेळणी नसली तरी चालतं. वाट्या, डबे, चमचे, जुने कपडे, कणकेचा गोळा पुरेसा आहे. बिया, खडे किंवा मणी मात्र तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकटं असताना देऊ नका. ते घशात अडकू शकतात.

*बोलणं:* भाजी निवडताना, आंघोळ घालताना मुलाशी बोलत राहा. दोन वर्षांच्या आत मोबाइल आणि टीव्ही नकोच. त्यानंतरही दिवसाला एक तासापेक्षा कमी. आजी-आजोबा सांभाळत असतील, तर त्यांनाही हे प्रेमाने समजावून सांगा.

*खाणं:* पहिल्या वर्षात मुलाचं वजन साधारण सहा किलोंनी वाढतं, दुसऱ्या वर्षात दोन ते अडीच किलोंनीच. त्यामुळे भूक कमी झाल्यासारखी वाटते. जबरदस्ती करू नका. घरचंच जेवण थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा. जास्त दुधाने जेवण मागे पडतं आणि रक्तातलं लोह कमी होतं.

*हालचाल आणि झोप:* घर लहान असलं तरी रोज मुलाला सोसायटीच्या आवारात किंवा बागेत चालू द्या, पळू द्या. दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

- १८ महिन्यांचं झालं तरी मूल आधाराशिवाय चालत नाही
- १८ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही
- नावाने हाक मारली तरी बघत नाही, नजरेला नजर देत नाही
- आधी येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं
- वजन वाढायचं थांबलं किंवा कमी झालं

यातलं एकही लक्षण दिसलं तर "याचा बाबाही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका. बहुतेक वेळा तपासणीत काळजीचं काही निघत नाही. पण ऐकू कमी येणं किंवा स्वमग्नता असेल, तर लवकर सुरू केलेल्या उपचाराचा फायदा जास्त असतो, कारण या वयात मेंदू झपाट्याने घडत असतो. येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणा. त्यातल्या वजनाच्या आलेखावरून आम्हाला बरंच काही कळतं. लसीही त्यावरून तपासता येतात. १६ ते २४ महिन्यांतले डोस अनेक घरांत राहून जातात.

जवळची अंगणवाडी फक्त गरिबांसाठी आहे असं समजू नका. तिथे वजन करून घ्या, ताईंशी बोला. आणि आज रात्री अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून मुलासोबत जमिनीवर बसा. ते काय करतंय, ते नुसतं बघा. ताराबाई पहिली पायरी म्हणून हेच करायच्या.