दहा सेकंदांमागचा माणूस

समजा, तुम्ही हॉस्टेलच्या खोलीत अभ्यास करताय (किंवा रील्स बघताय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक!) आणि मोबाइल अचानक कोकलायला लागतो. भूकंप येतोय! तुम्ही टेबलाखाली शिरता आणि मग जमीन हलते. जपानमध्ये असा इशारा 2007 पासून सगळ्यांना मिळतो. पण ही मधली सेकंदं येतात कुठून? त्यासाठी रिचर्ड ओल्डहॅमला भेटायला हवं.

रिचर्ड 1858 मध्ये डब्लिनला जन्मला. वडील थॉमस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख. भारतात आजवर कुठे, कधी भूकंप झाले याची यादी ते जमवत होते. ती छापून व्हायच्या आतच, 1878 मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी रिचर्ड त्याच खात्यात नोकरीला लागला आणि 1883 मध्ये त्यानं वडिलांची यादी प्रसिद्ध केली. जुन्या नोंदी जपायच्या असतात, हा धडा त्याला घरातूनच मिळाला होता.

मग आला 12 जून 1897. संध्याकाळी पाचच्या सुमारास आसाम हादरलं. शिलाँगमधली दगडी घरं भुईसपाट झाली, रेल्वेचे रूळ वाकले, दीड हजारांच्या आसपास माणसं दगावली. ओल्डहॅम आणि त्याचे सहकारी तपासाला लागले. जमिनीतले मोठाले दगड उसळून बाहेर पडलेले पाहून त्यानं धक्क्याचा जोर ताडला.

खरी गंमत मात्र हजारो किलोमीटर दूर घडली होती. इटलीसारख्या देशांतल्या यंत्रांनी हाच भूकंप टिपला होता. त्या रेघोट्या ओल्डहॅमनं बारकाईनं वाचल्या आणि त्याला दिसलं की भूकंप एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतो. आधी वेगवान पण हलकी ‘पी’ लहर, मागून सावकाश पण जोरकस ‘एस’ लहर आणि शेवटी पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लहरी.

आता साधं गणित करा. पी लहर सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, एस लहर साडेतीन. भूकंपाचं केंद्र 100 किलोमीटरवर असेल, तर दोघींत अकरा-बारा सेकंदांचं अंतर पडतं. केंद्राजवळच्या यंत्रानं पी लहर पकडली, की संदेश विजेच्या वेगानं पुढे पळतो. ओळखण्यात थोडा वेळ जातो, उरतो तो आपला.

पण यंत्र चुकलं तर? ऑगस्ट 2013 मध्ये जपानमध्ये मोठ्या भूकंपाचा इशारा वाजला, रेल्वेगाड्या थांबल्या आणि काहीच हललं नाही. समुद्रतळाच्या यंत्रातल्या गोंगाटानं गणित फसलं होतं. असं दोन-चारदा झालं की लोक इशाऱ्याकडे कानाडोळा करतात. म्हणून नवी पद्धत आली, की तिच्यासमोर जुन्या भूकंपांच्या नोंदी पुन्हा ‘चालवतात’. किती सेकंदांत ओळखलं? उगाच कितीदा ओरडली? आणि खरा भूकंप निसटला का? उत्तरं मिळतात ती जुन्या रेघोट्यांतूनच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. केंद्राला खेटून असलेल्या गावात दोन्ही लहरी जवळपास एकदमच पोचतात. 1967 च्या पहाटे कोयनानगरला अशा यंत्रणेनं फारसा वेळ दिला नसता. तिथं वाचवते ती भक्कम बांधलेली भिंतच.

तब्येतीमुळे ओल्डहॅमनं 1903 मध्ये भारतातली नोकरी सोडली, रेघोट्या वाचणं नाही सोडलं. पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे, याचा पुरावा त्यानं 1906 मध्ये त्यांतूनच काढला. 1936 मध्ये तो वेल्समध्ये वारला.

तेव्हा कधी मोबाइल असा कोकललाच, तर व्हिडिओ काढत बसू नका. आधी टेबलाखाली शिरा!